गुलाबाच्या फांदीवरचं काज

आमच्या इमारतीत तळमजल्यावर शिंप्याचं दुकान आहे आणि त्याच शिंप्याचं घर वर, माझ्या गॅलरीला चिकटून. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे कुणी उसासा टाकला तरी इकडे ऐकू येतो. लोक मला चौकस म्हणतात. मी काही करत नाही, भिंतच चहाडखोर आहे. मी फक्त तिचं मन मोडत नाही.

मास्तर म्हणजे कोटवाले मास्तर. अंगाने काडी, गळ्यात मापाची टेप. अंघोळीला जातानासुद्धा ती टेप कधी काढतात की नाही याबद्दल मला शंका आहे. माणूस समोरून आला की आधी खांदे बघतात, मग तोंड. मला जिन्यात गाठून, "ताई, शिवण सोडायला कापड ठेवलंय ना आत? लवकरच लागेल," असं हसतमुखाने सांगणारा हा एकच प्राणी या जगात जिवंत राहिला आहे. एरवी स्वभावाने गरीब. फक्त एक घमेंड होती. कापड बोटात धरलं की त्यातून कसा कोट निघणार ते आपल्याला आधीच दिसतं, असं ते म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांना दिसायचंही.

पण त्या कोटांची अब्रू होती वहिनींच्या हातात. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. कापणं आणि शिवणं मास्तरांचं, काज वहिनींचं. बटणासाठी कापडाला चीर पाडायची आणि तिच्या कडा दोऱ्याने एकेक टाका घालत बांधून काढायच्या, एवढंच ते काम. एवढंच म्हणायचं आणि करून बघायचं. यंत्रावर हे काम डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं, पण मास्तर यंत्राच्या काजाला "ओरखडा" म्हणायचे. वहिनींचं काज म्हणजे मिटलेल्या पापणीसारखं. आणि एखादा टाका तिरका गेला तर गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी त्या सगळं काज उसवायच्या. मास्तर म्हणायचे, "अगं, कुणाला दिसणार आहे?" वहिनी म्हणायच्या, "मला दिसलंय. चुकलं ते उसवायचं, झाकायचं नाही."

मग एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून सुई पडली. उचलायला गेल्या तर हात वळेना. दवाखाना झाला, औषधं झाली, काठी आली. पाय बराचसा परतला. जिभेला तर काहीच झालं नव्हतं. "बायकोची जीभ वाचली हे ऐकून यांनी डॉक्टरांचे आभार मानले की नाही, ते विचारायचं राहिलं," असं त्या स्वतःच म्हणायच्या. पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

व्यायाम शिकवणारी बाई यायची. तिने मास्तरांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, म्हणजे भिंतीलाही स्पष्ट सांगितलं, की हाताला आत्ता कामाला लावलं तर तो येईल. आता आखडून बसला तर कायमचा बसेल. दाबायला एक रबरी चेंडू दिला.

तो चेंडू आमच्या गुलाबाच्या कुंडीत सापडायचा.

मी तो परत नेऊन द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्या कुंडीत. वहिनी डाव्या हाताने फेकत होत्या आणि नेम बरा होता. मी म्हटलं, "वहिनी, डाव्या हाताला व्यायाम होतोय, उजव्याचं काय?"

"उजव्याला काय काम आहे आता?" त्या म्हणाल्या. "हस्तांदोलन करत फिरू का गावभर?"

मास्तरांनी नाइलाजाने काजं बाहेर यंत्रावर करून आणायला सुरुवात केली. पहिला तसा कोट घरात आला त्या दिवशी वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली. भिंतीलाही त्या दिवशी सांगण्यासारखं काही नव्हतं. मला ते फार लागलं. वहिनींनी तोंडसुख घेतलं असतं तर मी निर्धास्त झाले असते.

खिडकीत, तेलाच्या जुन्या डब्यात मास्तरांनी एक गुलाब लावलेला होता. एका सकाळी ते पाणी घालायला गेले तर पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या. उरलेल्या पानांच्या कडांवर हिरव्या-पिवळसर अळ्या ओळीने बसलेल्या, अंगावर काळे ठिपके, आणि सगळ्या काठाकडून आत असं नेटकं खात चाललेल्या. मास्तर जवळ वाकले, त्यांचा श्वास लागला, तशा साऱ्यांनी एकदम शेपट्या वर उचलल्या. शाळेत कवायतीला हात वर करतात तशा.

"काय आहे हो ते?" खुर्चीतून आवाज आला.

खुर्ची फिरवल्यापासून वहिनींनी स्वतःहून काही विचारलं नव्हतं. मास्तर गडबडले. आणि गडबडलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. माहीत नसलेली गोष्ट ठासून सांगितली.

"फुलपाखरांची पोरं आहेत."

"तुम्हाला काय कळतं?"

"कापड बघून कोट ओळखतो मी. हिरवं अंग, त्यावर पिवळी झाक, काळी बुट्टी. एवढ्या भारी कापडातून साधंसुधं निघेल का काही? बघच तू. तुझ्या खोलीत सोडतो सगळी."

वहिनींनी गुलाबाकडे बघितलं. "बघू तरी काय निघतंय," म्हणाल्या.

झालं. त्या दिवसापासून मास्तर हातचे गेले.

दुकानातली बटणांची मोठी काचेची बरणी रिकामी झाली. तिच्यात तळाला माती, वर पाण्याच्या बाटलीत गुलाबाची फांदी, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा. अळ्या आत. भूक अशी की सकाळी घातलेली फांदी दुपारी खराटा. मास्तरांचा गुलाब संपला तेव्हा त्यांची नजर आमच्याकडे वळली. गुलाब माझे नाहीत, आमच्या ह्यांचे आहेत. हे त्यांच्याशी माझ्याशी बोलतात त्यापेक्षा गोड बोलतात. मास्तर येऊन ओशाळवाणं हसत म्हणायचे, "ताई, एक कोवळी फांदी..." आणि हे आतून ओरडायचे, "नाही म्हणून सांग."

त्यात अळ्या आमच्या कुंड्यांतही निघाल्या. ह्यांनी रोपवाल्याकडून अळ्यांवरचं औषध आणलं, तोंडाला रुमाल बांधून फवारलं आणि विजयी मुद्रेने आत आले. पुढे बघतो तर अळ्या आणखी गुटगुटीत. ह्यांनी पुन्हा फवारलं. त्यांनी पुन्हा खाल्लं. शेवटी हे बाटली घेऊन रोपवाल्याशी भांडायला गेले आणि तो म्हणाला, "साहेब, याने अळी मरतेच. मरत नसेल तर ती अळी नाही." ह्यांनी घरी येऊन त्या माणसाच्या अकलेचं वर्णन केलं. त्याचं बोलणं आम्ही कुणीच मनावर घेतलं नाही, हे ध्यानात ठेवा.

इकडे मास्तरांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. फांदी बदलताना ते म्हणायचे, "अगं, बरणी घसरते आहे, जरा धर." वहिनी डावा हात लावायच्या. "एका हाताने डुगडुगते बघ." वहिनी म्हणाल्या, "माझ्याशी लबाडी करू नका. आयुष्यभर फांद्या बदलत होतात का आणि मी धरत होते का?" पण बरणी खरोखरच डुगडुगली, किंवा मास्तरांनी डुगडुगवली, आणि मांडीवरचा तो परका हात हळूच उठून काचेला टेकला.

मास्तरांनी लगेच माझ्या दारात येऊन कडी वाजवली. आत आले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, धरली." आणि टेपच्या टोकाने डोळे पुसले. मी काहीतरी चावट बोलणार होते. जमलं नाही.

अळ्या वाढत होत्या तशा अंगावरची कातडी टाकत होत्या. पानाला चिकटलेली ती पोकळ झबली बघून वहिनी म्हणायच्या, "गिऱ्हाइकांची पोरं अशीच. माप घेऊन कपडा होईपर्यंत आखूड." खुर्ची आता बरणीकडे फिरली होती. मग एक दिवस अळ्या खायच्या थांबल्या, फांदीवरून उतरल्या आणि मातीत शिरून दिसेनाशा झाल्या.

"मेल्या वाटतं," मास्तर म्हणाले. चेहरा असा की घरातलं कुणी गेलं आहे.

दम धरवेना म्हणून त्यांनी मातीत बोट घालून एक बाहेर काढली. छोटा, लांबट, फिकट कोश होता. त्यांनी शिवण उसवायच्या पात्याने तो अलगद उघडला आणि उघडता उघडता थांबले.

"अगं, हे बघ. अस्तर आहे याला."

होतंच. बाहेरचं कापड जाळीदार, खरखरीत. आत दुसरं, वेगळं, घट्ट विणलेलं आणि मऊ. दोन्ही एकमेकांना न चिकटवता एकात एक बसवलेली. आणि आतमध्ये अळी, कमानीसारखी वाकून निजलेली, जिवंत.

वहिनी म्हणाल्या, "कच्च्या टाक्यावर होता कोट. फाडून बघितलात." मास्तरांनी तो पुन्हा झाकून मातीत ठेवला, पण वारा लागलेली ती अळी वाळली. रिकामा कोश वहिनींनी मागून घेतला. कापडाचा पोत बघायची त्यांची सवय अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायची, आणि ती सवय उजव्या हाताची. डाव्या हाताला पोत कळत नव्हता. त्या बराच वेळ उजव्या हाताकडे रागाने बघत बसल्या आणि मग त्या दोन बोटांत कोश घेतला. आधी बाहेरचं, मग अस्तर.

"चांगलं काम आहे," एवढंच म्हणाल्या. व्यायामवाल्या बाईला इतके दिवस जे जमलं नव्हतं ते एका किड्याच्या अस्तराने केलं.

आणि नेमकी अशा वेळी भाची आली. मास्तरांच्या बहिणीची मुलगी, कॉलेजात किडे शिकवते. फळं घेऊन मामीला बघायला आली होती. मामी झोपली होती, म्हणून मास्तर तिला आमच्याकडे घेऊन आले. गॅलरीत मागे राहिलेल्या चार अळ्या ह्यांच्या शेवटच्या गुलाबावर जेवत होत्या. मास्तरांनी त्या अशा दाखवल्या जशा स्वतः जन्माला घातल्या आहेत.

"तुझ्या मामीसाठी फुलपाखरं करतोय," म्हणाले.

भाचीने एक अळी तळहातावर घेऊन उलटी केली, वाकून बघितली, आणि तिचा चेहरा बदलला. मी लगेच चहा टाकला. वाईट बातमी रिकाम्या पोटी ऐकू नये.

"मामा, हे पाय मोज," ती म्हणाली. "पुढचे सोड, पोटाखालचे, मांसल असतात ते. फुलपाखराच्या अळीला त्यांच्या फार तर पाच जोड्या. हिला पाचाच्या वर आहेत. आणि डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच डोळा, बटण लावल्यासारखा. फुलपाखराच्या अळीला बारीक डोळ्यांचा झुबका असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे ही फुलपाखराची नव्हे. करवतमाशीची आहे."

नाव माशीचं, पण माशीशी तिचं नातं नाही, असं तिने सांगितलं. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांच्या गोतातली, त्यातही जुन्या घराण्यातली. डंख मारत नाही. आणि त्या गोतातल्या बाकीच्यांना असते तशी बारीक कंबर हिला नसते. कंबर नाही म्हटल्यावर मला तिच्याबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. मी तसं म्हटलंही. मास्तर हसले नाहीत.

ह्यांचा जीव औषधात अडकलेला होता. "मग आमचं औषध?"

"काका, त्या औषधातला जंतू फुलपाखरं आणि पतंगांच्या अळ्यांनाच मारतो. हिच्या पोटात त्याचं काही चालत नाही."

"म्हणजे रोपवाला बरोबर बोलला," मी म्हटलं. ह्यांनी पेपर डोळ्यांपुढे धरला.

"रंगीत तरी असते ना?" मास्तरांनी विचारलं.

"असते की. डोकं, छाती काळी, पोट पिवळंधमक. पण केवढीशी, मामा. नखाएवढी. फुलपाखरू म्हणून वाट बघणाऱ्याला..." जाताना म्हणाली, "मामीला सरळ सांगून टाक."

सरळ सांगणार कसं? वहिनी रोज उठल्या की आधी बरणीकडे बघायच्या. "अहो, आज?" मास्तर म्हणायचे, "आज नाही, उद्या." मी भिंतीच्या अलीकडे कपाळावर हात मारून घ्यायचे. त्या हाताने नुकतीच कुठे बरणी धरायला सुरुवात केली होती. बरणीतून नखाएवढी माशी निघाली की तो पुन्हा मांडीवर जाऊन पडणार, खुर्ची पुन्हा खिडकीकडे, आणि व्यायामवाली बाई म्हणाली होती तसा मग कायमचा.

शेवटी मीच तोडगा काढला. असले तोडगे मला बरे सुचतात. "मास्तर, बागेत फुलपाखरं थोडी आहेत का? दोन धरू, बरणीत सोडू. बरणीला थोडंच कळणार आहे?"

त्यांनी जाळी शिवली. आता फुलपाखरं पकडायची जाळी ती, एक तार वाकवून तिला फडकं लावलं की झाली. पण मास्तरांच्या हाताला फडकं लावता येत नाही. त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाला कळी घातली, काठाला पायपिंग लावलं, मुठीला अस्तर दिलं. असली जाळी घेऊन एखाद्याच्या लग्नाला गेलं असतं तरी चाललं असतं.

बागेत मी लोकांचं लक्ष नाही ना ते बघत होते आणि अख्खी बाग आमच्याकडे बघत होती. मास्तर पळत होते. या वयात, गळ्यातली टेप मागे उडते आहे, पुढे एक पिवळं फुलपाखरू आरामात चाललं आहे, जाळी पोचली की ते हातभर पुढे. बाकावर एक आजोबा काठी टेकून बसले होते. ते म्हणाले, "माप द्यायला तयार नाही वाटतं ते." मी पदरात तोंड घालून हसले.

पण मास्तरांनी पकडलं. दोन बोटांत धरून माझ्याकडे घेऊन आले आणि मध्येच उभे राहिले. बोटांना पिवळी पूड लागली होती. कापडावर आखायच्या खडूची लागते तशी. पंखावर तेवढा डाग पडला होता.

"ताई," ते बोटांकडे बघत म्हणाले, "हिने एक तिरका टाका कधी झाकला नाही. मी अख्खा किडाच बदलून ठेवायला निघालो आहे."

त्यांनी बोटं उघडली. ते फुलपाखरू जरा कलत कलत उडालं आणि झुडपामागे गेलं. मला माझ्या तोडग्याची बाजू मांडायची होती, पण मास्तर निघालेसुद्धा. वाटेत सारखे पुटपुटत होते. "अगं, एक सांगायचं राहिलं..." नको. "अगं, त्या भाचीने एक सांगितलं..." तेही नको. जिना चढेपर्यंत त्यांच्याकडे एकही धड वाक्य उरलं नव्हतं. मी पाठोपाठ गेले. आधार द्यायला. आणि बघायलाही.

वहिनी बरणीला नाक लावून बसल्या होत्या. डाव्या हातात सुई ओवायचं भिंग. उजवा हात, कुणी धरायला सांगितलेलं नसताना, बरणीला वेढून.

"अगं, मला तुला सांगायचं होतं, ती फुलपाखरं..."

"शू. हळू बोला," वहिनी म्हणाल्या. "फुलपाखरं नव्हेत, ते दिसतंय मला. माझा हात गेलाय, डोळे नाहीत. ती काम करते आहे."

आम्ही दोघे वाकलो. तीन-चार माश्या काचेवर फिरत होत्या, भाची म्हणाली तशाच, काळ्या अंगाच्या आणि पिवळ्या पोटाच्या. एक मात्र बाटलीतल्या गुलाबाच्या कोवळ्या फांदीवर डोकं खाली करून बसली होती. भिंग माझ्या हातात आलं तेव्हा मला दिसलं. पोटाच्या टोकातून, खिशातला चाकू उघडावा तसं, करवतीचं एक बारीक पातं निघालेलं, आणि ते सालीत पुढे-मागे, पुढे-मागे. घाई नाही. जरा चीर पडली की थांबायची, तिथे एक अंडं सरकवायची आणि पुढे. अंड्याला लागून अंडं, टाक्याला लागून टाका.

"काज करते आहे," वहिनी म्हणाल्या.

माशीने आपली ओळ पुरी केली, पातं मिटून घेतलं आणि पाय झाडले. वहिनींनी भिंग काढून घेतलं आणि ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, जशी त्या शिकाऊ पोरींची तपासायच्या.

"चीर सरळ आहे. अंतर सारखं आहे. पण कडा बांधल्या नाहीत. टोकांना आडवा टाका नाही. उसवणार हे."

"अगं," मास्तर म्हणाले. त्यांच्या हातात ती पायपिंगवाली जाळी अजून होती. "मी तुला खोटं सांगितलं. म्हणजे आधी मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, तरी बोललो नाही. आत्ता बागेत फुलपाखरं धरायला गेलो होतो. तुला दाखवायला."

वहिनींनी जाळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. "ही कल्पना कुणाची ते विचारत नाही."

"नका विचारू," मी म्हटलं.

"मिळालं का एखादं?"

"मिळालं होतं," मास्तर म्हणाले. "सोडून दिलं."

"मग झालं की उसवून. आता तोंड पाडून उभे राहू नका. सुई द्या मला."

मास्तर हलले नाहीत.

"सुई द्या म्हटलं. आणि कोटाच्या कापडाचा तुकडा. एवढीशी माशी, कुणी शिकवलेलं नाही, पोटाने काज पाडते, आणि मी इथे बसून तिला नावं ठेवते आहे. कडा कशा बांधतात ते दाखवायला नको तिला?"

मास्तरांनी सुई ओवून दिली, तुकड्याला चीर पाडून दिली. वहिनींच्या उजव्या हाताने सुई घेतली. घेतली म्हणजे बोटांत अडकवली. ती थरथरत कापडापर्यंत पोचली, चुकली, पुन्हा पोचली. एक टाका पडला. भला मोठा, तिरपा, धोतरं टाचावीत तसा. दुसऱ्याला सुई निसटून जमिनीवर गेली. मास्तर आणि मी दोघंही ती उचलायला वाकलो आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. वहिनी हसल्या. ते हसणं मी भिंतीतूनही किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी तो एक टाका बघितला आणि म्हणाल्या, "वाकडा आहे. उसवा." आणि लगेच, "नको, मीच उसवते."

पुढच्या गोष्टी भाचीने फोनवर सांगितल्या आणि मी तेवढ्याच तत्परतेने जिन्यात सांगितल्या. बरणीत नर कुणी होता का, असं वहिनींनी विचारलं. भाची म्हणाली, "नसला तरी मामी, मादी अंडी घालते. मात्र त्या अंड्यांतून सगळे नरच निघतात." वहिनींना हे फार आवडलं. मास्तरांना म्हणाल्या, "ऐकलंत? नवऱ्यावाचून संसार होतो, आणि वर पोरगेच होतात." मास्तर म्हणाले, "मग त्या पोरग्यांना कोट कोण शिवणार?"

दोन कोशांतून माश्या निघाल्याच नाहीत. त्यांतून निघाली बारीक कमरेची, लांब मिशांची, भलतीच कुणीतरी. भाची म्हणाली, या दुसऱ्या जातीच्या. अळी पानावर असतानाच तिच्या अंगात अंडं घालून ठेवतात, आणि मग त्यांची पोरं तिच्यावर पोसतात. त्या नसत्या तर जगात एक गुलाब उरला नसता. वहिनी म्हणाल्या, "भाडेकरू घरमालकाला खाऊन बसला म्हणायचा." आमच्या ह्यांनी मात्र त्या दिवसापासून त्या बारीक कमरेवालीचा फोटो मोबाईलवर लावला आहे. मी अजून त्यावर काही बोललेले नाही. योग्य वेळ बघते आहे.

माश्या फार जगत नाहीत म्हणून वहिनींनी त्या खिडकीतून सोडून द्यायला लावल्या. गॅलरीत बडीशेप फुलली होती, तिच्या छत्र्यांवर त्या मध खात फिरायच्या. ती काज पाडलेली फांदी मास्तरांनी डब्यातल्या गुलाबाशेजारी खोचली. अंडी फुगली तशी चीर उकलत गेली आणि फांदी तिथे वाकली.

"मी म्हटलं होतं, उसवणार," वहिनी म्हणाल्या.

भाची म्हणाली, "मामी, अंडी फुगून तसं होतंच. तिचं काही चुकलेलं नाही."

"असेल. पण टोकाला एक आडवा टाका घालायला काय जात होतं तिचं?"

आता त्या कोटाचं सांगते आणि उठते, कारण भिंतीपलीकडे काहीतरी चाललेलं ऐकू येतं आहे. जन्मभर दुसऱ्यांचे कोट शिवणाऱ्या मास्तरांना स्वतःचा कोट नव्हता. वहिनींच्या हातात सुई बऱ्यापैकी ठरायला लागल्यावर त्यांनी राखाडी कापड काढलं, स्वतःचं माप घेतलं आणि स्वतःला कोट शिवला. सगळा झाला. अस्तर लागलं, बटणं लागली. तीन काजं वहिनींनी करायची ठरली. वरची दोन झाली, पहिल्यासारखी नाहीत, पण पापणी मिटलेली दिसते. खालचं तिसरं मात्र त्यांना पटत नाही. करतात, भिंग लावून बघतात, उसवतात. पुन्हा करतात.

परवा मी म्हटलं, "मास्तर, थंडी संपत आली. घालणार कधी?"

ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, काल ते अगदी बरोबर झालं होतं. टाक्यात खोट नव्हती."

"मग?"

"मी म्हटलं, 'जरा डावीकडे कललंय का गं?'"

आतून आवाज आला, "अहो, पातं द्या इकडे. आणि त्या बाईला सांगा, आमच्याकडे कान लावायचा तर निदान तुमच्या कुंडीतला माझा चेंडू परत द्या. चिमणीसारखी सतत डोकावते, तिलाच तो फेकून मारायचाय."

चेंडू मी दिलेला नाही. कुंडीतच आहे. त्याच्या शेजारी गुलाबाला नवी कोवळी फांदी फुटली आहे, आणि तिच्यावर आज सकाळी एक सरळ, बारीक चीर दिसली. आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही. वहिनींना सांगितलं. भिंग घेऊन यायला निघाल्या आहेत.